टोलीसाठी केलेलं भाषण

चिचाळी टोली, ता. भिवापूर
९ एप्रिल २०२५

वसंता,

जय भीम, जय विदर्भ.

परवा तुहा फोन आला होता. रोशनीनं माह्या कानाले लावला, मले नुसतं घूं घूं ऐकू आलं. मी दोन-चार वेळा 'हाव हाव' म्हटलं अन् देऊन टाकला. कशाले हाव म्हटलं ते तुलेच माहीत. भिवापुरी मिरचीचं पोतं मागितलं असशील तर ते काही मिळत नाही. कानाचं मशीन आणलं, पण त्यात सप्पा जगाचा आवाज येते, माणसाचा सोडून. कोणी तोंडासमोर बसून बोललं तर ओठावरून समजते, फोनवर कुठले ओठ? तवा आपलं पत्रच बरं.

आता कामाचं. तीस वर्षं तू अन् मी वेगळ्या विदर्भासाठी बोंबललो. तू भाषण करायचा, मी घोषणा द्यायचो. नागपूरच्या एस.टी. डेपोतली नोकरी संपल्यावर मी टोलीत येऊन राहिलो अन् मले दिसलं का आपली मुंबई तर इथं नाल्याच्या पलीकडंच आहे.

टोलीची वस्ती अन् चिचाळी गाव, ग्रामपंचायत एकच. टाकी चिचाळीत, नळाचा व्हॉल्व्ह चिचाळीत, व्हॉल्व्ह फिरवणारा मनोहररावाचा माणूस. त्यांचे अंगण शिंपून झाले का मग आमच्याकडं पाणी सोडते. सरपंच यमुताई, पण सभेत बोलते तिचा नवरा मनोहरराव. माही पोरगी रोशनी टोलीची मेंबर आहे. ती काही बोलली का तो म्हणते, 'पोरी, पाहू.'

म्हणून आम्ही ठरवलं, टोलीची वेगळी ग्रामपंचायत. नियमात बसते, रोशनीनं तालुक्याले जाऊन पक्कं केलं. फक्त ग्रामसभेचा ठराव पाहिजे. मजा पाह्य, वेगळं व्हायचं आमाले, अन् हो म्हणायचं चिचाळीनं!

१ मेले ग्रामसभा आहे. तू दरवर्षी त्या दिवशी काळी फीत लावून चौकात बसतो, यंदा इथं ये. शेतापायी तुहं नाव अजून चिचाळीच्या मतदार यादीत आहे, म्हणजे तू बाहेरचा नाही. मनोहरराव तुहा चुलतभाऊ, तुह्याहून लहान. तू उठून बोलला तर निम्मी चिचाळी तरी ऐकते. येशील ना गा?

प्रेमानंद

*

प्रताप नगर, नागपूर
१७ एप्रिल २०२५

प्रिय प्रेमानंद,

जय विदर्भ!

तुझं पत्र मी आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, ऐका, चळवळ याला म्हणतात. दिल्लीनं मुंबईला अधिकार द्यावेत, मुंबईनं नागपूरला द्यावेत, इथवर आपले सगळे लोक टाळ्या वाजवतात. आणि नागपूरनं पुढे कोणाला द्यावेत? इथे आले की सगळ्यांना चहा आठवतो. अरे, ज्याला तहान लागते त्याच्या हातात व्हॉल्व्ह पाहिजे. वेगळ्या राज्याचा सगळा अर्थ एवढाच आहे, आणि तो तू एका पानात लिहिलास.

मी येतो म्हणजे येतोच. बोलतो, आणि माझा हात सगळ्यात आधी वर असेल. चौकातले लोक यंदा माझ्याशिवाय बसतील. तसेही आम्ही आता सातजण उरलोय, त्यात दोघांना बसलं की उठवावं लागतं.

एक गंमत सांगतो. काल मनोहररावाचा फोन आला. म्हणाला, वसंतदादा, विदर्भासाठी तुम्ही आयुष्य घातलं आणि आपल्या गावानं तुमचा साधा सत्कार केला नाही, यंदा १ मेला ग्रामसभेत करतो. घे! ज्या घरात मला 'रिकामटेकडा पुढारी' म्हणायचे, त्याच घराला आता उपरती झाली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. विहंगला सुट्टी नाही, पण सूनबाई गाडी घेऊन येते आहे. मुग्धा चालवते छान, फक्त माझं ऐकत नाही.

तुझा,
वसंत

*

चिचाळी टोली
२४ एप्रिल २०२५

वसंता,

तुह्या सत्काराची बातमी मी विहारात सांगतली. पोट्टे खूश झाले. मी म्हटलं, हे तर आपल्या फायद्याचंच झालं बे, चिचाळीवाले ज्याच्या गळ्यात हार घालतीन, त्याचं बोलणं त्याईले ऐकाच लागते!

तुळसाबाई म्हणते, आधी आपल्याकडं चहा प्यायले आणा त्याईले, मग जाऊ द्या तिकडं. बायकोचं नेहमीचंच, तिले साखरेतही खडा दिसते. मी म्हटलं, तीस वर्षांचा माणूस आहे तो माहा.

आमच्याकडून तूच बोलणार, असं मी सगळ्याईले सांगून ठेवलं आहे. जेवण आमच्याकडं. वांग्याची भाजी अन् भाकर, वरून आमच्या मिरचीचा ठेचा. तुह्या पोटाचं तू पाहून घे.

प्रेमानंद

*

प्रताप नगर, नागपूर
६ मे २०२५

प्रिय प्रेमानंद,

घरी सुखरूप पोचलो. ऊन काय होतं रे! मांडवातसुद्धा टाळू तापली. गर्दीही बरीच होती, आणि ग्रामसभेला एवढी माणसं येतात हेच लोकशाहीच्या दृष्टीनं फार आशादायक आहे.

चर्चा चांगली झाली असं मला वाटतं. अशा नाजूक प्रश्नात एकदम टोकाची भूमिका घेऊन चालत नाही, म्हणून मी दोन्ही बाजू मांडल्या. ठराव पडला, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. विदर्भाचा ठराव किती वेळा पडला, आपण काय घरी बसलो?

जेवायला येता आलं नाही, त्याबद्दल तुळसावहिनींची माफी माग. मुग्धाला परतायची घाई होती. इकडे बेसा भागात फ्लॅट पाहायचा होता त्यांना, बिल्डर संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. तुझ्याशी धड बोलणंही झालं नाही. तू पार मागे बसला होतास आणि तो लाऊडस्पीकर म्हणजे नुसती खरखर. तुला काही ऐकू आलं असेल असं वाटत नाही.

प्रकृतीला जप. कानाला हवा लागू देऊ नकोस.

वसंत

*

चिचाळी टोली
१९ मे २०२५

वसंता,

नाही गा, काहीच ऐकू नाही आलं. पण दिसत होतं ना! तुहा हार पाहिला, शाल पाहिली, मागचा बॅनर वाचला, 'विदर्भाचा बुलंद आवाज'. तू उठला, चष्मा काढला, हात हलवून हलवून बोलला. पहिले टोलीकडं हात केला, मग चिचाळीकडं, मग दोन्ही हात एकत्र जोडले. चिचाळीवाल्याईनं कशा टाळ्या वाजवल्या! मले वाटलं, जिंकलो. मी उभा राहून वाजवल्या. आमच्या बाजूचे लोक माह्याकडं पाहून राहिले होते. मी म्हटलं, वाजवा ना बे, आपला माणूस आहे!

मग हात मोजले अन् ठराव पडला. तुहा हात मले दिसला नाही, मधात मांडवाचा खांब होता. ज्या चिचाळीनं तुह्या भाषणाले टाळ्या वाजवल्या, तिनंच हात वर नाही केले. काहून? मले काही समजलं नाही. माणसं टाळ्या एकाले देते अन् मत दुसऱ्याले, असंच म्हणायचं.

टोलीवाले तवापासून उदास आहेत. तुह्या भाषणाचा विषय काढला का 'जाऊ द्या ना बाबा' म्हणते. रोशनीले विचारलं, काका काय बोलले वं? ती म्हणे, चांगलं बोलले, अन् उठून गेली. कोणी सांगतच नाही.

तर एक काम कर. तू काय बोलला ते मले लिहून पाठव. रविवारी विहारात सगळे जमतीन, तवा मी वाचून दाखवतो. लोकाईले धीर येईन. आपण पडलो तरी आपल्याकडून कोणीतरी खणखणीत बोललं, एवढं तरी त्याईले पुन्हा ऐकू येईन.

लवकर पाठव.

प्रेमानंद

*

प्रताप नगर, नागपूर
१२ जून २०२५

प्रिय प्रेमानंद,

उशीर झाला. मध्यंतरी जरा बरं नव्हतं.

भाषण शब्दाला शब्द आठवत नाही, पण गाभा हा असा होता:

"बंधूभगिनींनो, मोठ्यानं लहानाला 'तू माझाच आहेस' म्हणणं सोपं असतं. कठीण असतं ते त्याच्या हातात त्याचा कारभार देणं. मुंबई आपल्याला म्हणते, तुम्ही आमचेच. मग आमचा निर्णय आम्हाला का घेऊ देत नाही? तोच प्रश्न आज टोली चिचाळीला विचारते आहे. वेगळं होणं म्हणजे वैर नव्हे. दोन भाऊ वेगळे राहिले तरी लग्नकार्याला एकत्र येतातच. टोलीला तिचं पाणी, तिचा रस्ता, तिची शाळा पाहू द्या. चुकली तर स्वतःच्या चुकीनं शिकेल. ती चूक करण्याचा हक्कसुद्धा तिचाच आहे."

असं काहीसं. तुला योग्य वाटलं तर वाच. नाही वाचलंस तरी चालेल.

वसंत

*

चिचाळी टोली
३ जुलै २०२५

आदरणीय काका,

जय भीम. मी रोशनी, प्रेमानंद यांची मुलगी. हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे.

तुम्ही पाठवलेलं भाषण बाबांनी विहारात वाचलं. चष्मा पुसून, उभं राहून, तुमच्यासारखे हात करून वाचलं. समोर बसलेली सगळी माणसं १ मेला मांडवात होती. तुम्ही खरं काय बोललात, ते प्रत्येकानं आपल्या कानानं ऐकलं होतं. माझी आई शेजारच्या ताराकाकूचा हात धरून खाली मान घालून बसली होती. पोरांपैकी एक उठायला लागला, त्याला मी डोळ्यानंच बसवलं.

वाचून झाल्यावर बाबांनी आमच्याकडे पाहिलं. काका, आम्ही काय करायला पाहिजे होतं? आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लहान पोरांनीसुद्धा. बाबांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाले, पाहा, माह्या मित्राचं काळीज पाहा.

मला इतकी लाज कधी वाटली नाही. तुमची वाटली, आणि आमचीही. म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं म्हणून सगळ्या टोलीनं मिळून खोटं केलं. तुमचं खोटं तुम्ही एकट्यानं केलं होतं, ते आता आमच्या सगळ्यांच्या अंगावर आलं आहे.

आम्ही ठराव १५ ऑगस्टला पुन्हा ठेवणार आहोत. बाबा सगळ्यांना सांगत फिरतात की काका पुन्हा बोलणार. त्यांना खरं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आमच्यातलं कोणी सांगणार नाही. आमची हिंमत होत नाही.

एक विचारते. ते भाषण तुम्हाला येत होतं. इतकं चांगलं येत होतं. मग तेव्हा का नाही केलं?

रोशनी

*

प्रताप नगर, नागपूर
२८ जुलै २०२५

प्रेमानंद,

हे पत्र एकट्यानं वाच.

मी तुला जे भाषण पाठवलं, ते मी चिचाळीत केलं नव्हतं. ते घरी बसून लिहिलं. चिचाळीत मी तुमच्या विरुद्ध बोललो. तुला ऐकू येत नाही, हे मला बरं वाटलं होतं. त्या आधारावर मी तुला मेमध्ये पत्र लिहिलं आणि जूनमध्ये दुसरं. मित्राच्या बहिरेपणाच्या आड लपलो.

मी काय बोललो ते आता खरं सांगतो. सभेआधी मनोहररावानं घरी नेलं, सगळे भाऊबंद पाया पडले. यमुताईनं ओवाळलं. मनोहरराव म्हणाला, दादा, तुमच्याच डोळ्यांदेखत तुमच्याच गावाचे तुकडे व्हावेत का? मग मांडवात शाल अंगावर पडली. कोणी मला धमकावलं नाही, काही देऊ केलं नाही. नुसती शाल, नारळ आणि भावकीची टाळी. आयुष्यभर ज्यांनी हसण्यावारी नेलं ते माझ्याकडे मान वर करून पाहत होते, आणि मला त्यांना नाराज करवेना.

मी म्हणालो, राज्याची गोष्ट वेगळी, गावाची वेगळी. म्हणालो, एवढ्याशा पंचायतीला कारभार झेपणार नाही. म्हणालो, टोली चिचाळीचं लेकरू आहे, लेकरानं आईपासून वेगळं व्हायचं नसतं. तेव्हा मी दोन्ही हात जोडले होते, ते तू पाहिलंस. यातलं एकेक वाक्य मुंबईचे लोक आपल्याला ऐकवायचे आणि मी चौकात उभा राहून त्याच्या चिंधड्या उडवायचो. तीच वाक्यं माझ्या तोंडून कशी सरळ आली! जशी तिथेच दबा धरून बसली होती.

आणि शेवटी म्हणालो, टोलीची माणसं भोळी आहेत, शहरातून परत आलेले काहीजण त्यांना भडकवतात. शहरातून परत आलेला टोलीत एकच आहे. त्या वाक्याला तू उभा राहून टाळ्या वाजवल्यास.

मग हात वर करायला सांगितलं, तेव्हा मी शाल सावरत बसलो. खांब होता म्हणून तुला दिसलं नाही असं नाही. माझा हात खालीच होता.

मुग्धाला घाई नव्हती, फ्लॅटबिट काही नव्हतं. ती म्हणत होती, बाबा, त्यांच्याकडे जेवायला जायचंय ना? मीच गाडीत जाऊन बसलो. परतीच्या वाटेवर उमरेड आलं. तिथे ती एवढंच म्हणाली, 'बाबा, ते काका टाळ्या वाजवत होते हो.' तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि मी माझं ताट उचलून खोलीत जेवतो. कट्ट्यावर जाणं मी सोडलं आहे. तिथे मला विदर्भावर बोल म्हणतात.

प्रेमानंद, मी १५ ऑगस्टला येतो. त्याच मांडवात उभा राहतो, मे महिन्यात खोटं बोललो ते सगळ्यांसमोर कबूल करतो, आणि टोलीसाठी बोलतो. मनोहररावाशी कायमचं वाकडं झालं तरी होऊ दे. एवढी एक संधी दे. माफी मागायचं तोंड मला नाही, म्हणून मागत नाही.

वसंत

*

चिचाळी टोली
६ ऑगस्ट २०२५

वसंता,

तुहं पत्र मी एकट्यानं वाचलं. मग तुळसाबाईले वाचून दाखवलं. ती म्हणे, मी तर तिथंच होती ना. म्हणजे सप्पा टोलीले माहीत, माह्या घरात माहीत, मीच एकटा भैताड.

राग आला. तू समोर असता तर काय केलं असतं ते लिहीत नाही. दोन दिवस जेवलो नाही. रोशनीवरही ओरडलो, का तुम्ही मले वाचू काहून दिलं? ती रडली. मी तिले रडताना पाहिलं नव्हतं, लहानपणानंतर.

मग राग निवला अन् लाज राहिली. तुही नाही गा. माही.

त्या वाक्याले मी टाळ्या वाजवल्या, पोरीच्या बाजूले उभा राहून. अन् काहून वाजवल्या? ऐकू नाही आलं म्हणून नाही. तू बोलून राहिला म्हणजे चांगलंच असन, म्हणून. मी सारखा विचार करून राहिलो, तीस वर्षं मी अशाच वाजवल्या. तवा तर माहे कान चांगले होते.

तुले एक गोष्ट माहीत नाही. १ मेले रोशनी बोलणार होती. तिनं तयारी केली होती, तालुक्याचे नियम तिले तोंडपाठ होते, व्हॉल्व्हचं, नाल्याचं, सगळं. मीच तिले म्हटलं, तू खाली बस, काका बोलतीन, त्याईच्या बोलण्याले वजन आहे. तू आमच्या विरुद्ध बोलून राहिला होता, तवाही ती उठली होती. तिचा हात धरून मीच तिले खाली बसवलं. अन् टाळ्या वाजवल्या.

मनोहरराव तिले 'पोरी, पाहू' म्हणते त्याचा मले राग येत होता. मी तरी काय वेगळं केलं?

तवा १५ तारखेले तू बोलायचं नाही. चिचाळीकडून नाही, टोलीकडून तर मुळीच नाही. तुही कबुलीही आमच्या सभेत नको. आमचा वेळ तिच्यात जाईन अन् लोक पुन्हा तुह्याकडंच पाहत बसतीन. तुहं नाव यादीत आहे, तो तुहा हक्क आहे, मी कोण अडवणारा. यायचं तर ये. हात वर करायचा का नाही ते तुहं तू ठरव, मी पाहणार नाही.

जेवायले येऊ नको. मले अजून तुह्यासंगं बसून घास तोडता येणार नाही. कधी येईन तेही माहीत नाही.

रोशनी काय बोलणार ते मी विचारलं नाही. तिनं दाखवायले आणलं होतं, मी म्हटलं, नको, तुहं तू बोल. मले ऐकू तर येणार नाही. पण यावेळेस मी मागं नाही बसत, पार पुढं जाऊन बसतो, तिच्या तोंडासमोर.

प्रेमानंद